जठरातील जिवाणू आणि दोन वैद्यकांची दृष्टी



वार्षिक अहवालात ताळेबंद आणि विभागवार कामकाजाच्या बरोबरीने आरोग्यविषयक एक माहितीपर लेख द्यावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाच्या लेखाचा विषय आम्ही शोधला नाही. बाह्यरुग्ण विभागात तो आपणहून आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

जठरव्रणाने, म्हणजे ज्याला आपण बोलताना पोटाचा अल्सर म्हणतो त्याने, आजारी असलेल्या साठीच्या एका गृहस्थांना आमच्या डॉक्टरांनी चौदा दिवसांची औषधे लिहून दिली होती. सहाव्या दिवशी त्यांनी ती परस्पर बंद केली. काही आठवड्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा सोबत त्यांचा मुलगा होता. तो नोकरीनिमित्त शांघाय येथे राहतो आणि सुटीवर घरी आला होता. त्याने पिवळ्या गोळ्यांची एक लहानशी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "डॉक्टर, तिकडे पोट बिघडलं की लोक सर्रास या गोळ्या घेतात. बाबांनाही यांनी बरं वाटतंय. मग ती चौदा दिवसांची औषधं पुन्हा कशाला?"

प्रश्न प्रामाणिक होता. तो हसण्यावारी नेणे योग्य झाले नसते. आम्ही व्यवस्थापन पाहणारी माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकात आम्हांस अधिकार नाही, याची पूर्ण जाणीव आहे. म्हणून आमच्या डॉक्टरांजवळ बसून जे समजून घेतले, तेच येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत. या चौकशीत आमच्याच कामातील एक उणीव आमच्या नजरेस आली. तीही शेवटी सांगणार आहोत.

आम्लामध्ये राहणारा जिवाणू

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला जखम होणे, म्हणजे व्रण. जागरण, चिंता, तिखट, वेळी-अवेळी जेवण आणि चहा यांवर या दुखण्याचे खापर फोडण्याची रीत फार जुनी आहे. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी व्रण भरून येई. औषध थांबले की पुन्हा डोके वर काढी. कित्येकांच्या जठराचा काही भाग शस्त्रक्रिया करून काढावा लागे. आमच्या वयाच्या वाचकांना अशी उदाहरणे आपल्या घरात किंवा शेजारी आठवतील. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की तेथे कोणताही जिवाणू तग धरू शकणार नाही, अशी त्या काळी समजूत होती.

ही समजूत ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात मोडली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या अस्तराच्या नमुन्यांत वळणदार आकाराचे जिवाणू दिसले. पुढे तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे काही तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहून गेल्या आणि त्यांवर जिवाणूंची वाढ दिसली. तोवर तबकड्या लवकर टाकून दिल्या जात होत्या, एवढीच अडचण होती! तरीही वैद्यकविश्वाचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच या जिवाणूंचे द्रावण प्राशन केले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. दुर्बिणीतून तपासणी केली असता त्यांच्या जठराला सूज आणि तेथे जिवाणू आढळले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

आम्लात तो कसा जगतो, हे समजण्यासारखे आहे. त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते जठरातील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. या अमोनियामुळे जिवाणूभोवतीचे आम्ल सौम्य होते आणि तो मळसूत्रासारखा फिरत अस्तरावरील चिकट थरात शिरतो. एकदा स्थिरावला की उपचारावाचून बहुधा आयुष्यभर मुक्काम करतो. त्याचा शिरकाव बहुतांशी बालपणी, घरातल्या घरात होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात हा जिवाणू आढळत आला आहे आणि त्यांपैकी बहुसंख्यांना आयुष्यात कधी त्रास होत नाही. काहींना व्रण होतो. शंभरात एक ते तीन जणांना पुढे जठराचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूची गणना कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केली. आपल्या देशात हा संसर्ग मोठ्या प्रमाणावर असूनही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण चीन आणि जपानच्या तुलनेत कमी आहे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र व्रण झाला असेल तर दुर्लक्षही करता येत नाही. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे सांधेदुखी-डोकेदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. जिवाणू आणि या गोळ्या एकत्र आल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चौदा दिवस कशासाठी?

आधुनिक उपचारात साधारणतः चार औषधे एकत्र दिली जातात: आम्ल कमी करणारे एक, बिस्मथ आणि दोन प्रतिजैविके. जिवाणू चिकट थरात दडलेला असल्यामुळे एकाच औषधाने तो हटत नाही. मध्येच औषध सोडले, तर सर्वांत चिवट जिवाणू मागे उरतात आणि त्यांच्यावर तीच प्रतिजैविके पुढे चालेनाशी होतात. मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांच्या बाबतीत हा अनुभव भारतातही येतो आणि चीनमध्येही. मोठ्या उधारीचे दोन हप्ते भरून तिसरा चुकवावा आणि सावकाराने व्याजासकट सगळी रक्कम मागावी, तसाच हा प्रकार आहे.

दुखणे थांबणे आणि जिवाणू जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आजारातील मर्म होय. आम्ल कमी झाले की चार-पाच दिवसांत पोट शांत होते. जिवाणू मात्र जागच्या जागी असतो. तो गेला की नाही, हे श्वासचाचणीने कळते. रुग्णाला खास प्रकारचा युरिया पाण्यातून पाजतात आणि थोड्या वेळाने त्याचा उच्छ्वास तपासतात. जिवाणू शिल्लक असेल तर तो युरियाचे विघटन करतो आणि त्याची खूण श्वासात उतरते. ही चाचणी प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि आम्ल कमी करणारी औषधे दोन आठवडे बंद ठेवून करावी लागते. अन्यथा जिवाणू असूनही नसल्याचा निष्कर्ष निघू शकतो. हिशेबनिसाच्या भाषेत सांगावयाचे तर, औषधोपचार हा खर्च आहे आणि श्वासचाचणी हे त्याचे लेखापरीक्षण.

चिनी वैद्य काय पाहतो?

आता त्या पिवळ्या गोळ्यांच्या देशाकडे वळू. चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाला आधुनिक वैद्यकाच्या बरोबरीने शासकीय मान्यता आहे. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझो आणि चेंगदू येथे त्याची महाविद्यालये स्थापन झाली. दोन्ही पद्धतींचे चिकित्सक असलेली रुग्णालये तेथे आहेत.

त्या वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांत या जिवाणूचे नाव असण्याचा प्रश्नच नाही. तेथे जठरशूल आहे, पोटाच्या वरच्या भागातील कोंडलेपण आहे, आंबट ढेकर आहेत. त्या शास्त्रानुसार जठराचे काम अन्न खाली नेण्याचे आणि प्लीहेचे काम अन्नाचे सत्त्व वर पोहोचवण्याचे. ही प्लीहा म्हणजे शरीररचनाशास्त्रातील प्लीहा नव्हे. पचनाच्या एका व्यापाराला दिलेले ते नाव आहे. हे दोन प्रवाह अडले की मध्ये कोंडी होते. ली दोंगयुआन या तेराव्या शतकातील वैद्याने प्लीहा आणि जठर यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि पचनाचे दौर्बल्य हे अनेक रोगांचे मूळ मानले.

आपल्याकडे आयुर्वेदाचे वैद्य नाडी आणि जीभ पाहतात, तसा चिनी वैद्यही पाहतो. जिभेवर पिवळसर चिकट थर आणि तोंडाला दुर्गंधी असेल तर तो ओलसर उष्णतेचा प्रकार मानतो. जीभ फिकट, पोटावर ऊब दिल्याने किंवा थोडे खाल्ल्याने बरे वाटत असेल तर तो थंडी आणि अशक्तपणाचा. राग किंवा ताण आला की बरगड्यांपर्यंत फुगल्यासारखे होत असेल तर तो यकृताने जठरावर केलेल्या कुरघोडीचा. एकाच जिवाणूच्या तीन रुग्णांना म्हणूनच तो तीन निरनिराळे काढे देईल. शरीराचे रक्षण करणारे बळ आणि बाहेरून आलेला अपाय, अशी त्याची मांडणी असते. केवळ अपाय हटवून भागत नाही, बळही सावरावे लागते, असे तो मानतो.

झांग झोंगजिंग या वैद्याने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळात नोंदवलेला एक काढा पोटातील कोंडीसाठी आजही चीनमध्ये वापरला जातो. त्यात सात द्रव्ये असून सुंठ आणि ज्येष्ठमध ही दोन आपल्या परिचयाची आहेत. कडू-थंड आणि तिखट-उष्ण द्रव्यांची त्यात सांगड घातलेली आहे. त्यांतील हुआंग्लियान नावाचे अत्यंत कडू, पिवळे मूळ आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पिवळ्या मुळाची परीक्षा

हुआंग्लियानमधील मुख्य द्रव्य बर्बेरीन. मुलाने आणलेल्या गोळ्या याच द्रव्याच्या होत्या. चीनमध्ये जुलाबावर त्या स्वस्तात आणि सहज मिळतात. हेच द्रव्य आपल्या दारुहळदीतही असते आणि तिच्यापासून केलेले रसांजन आयुर्वेदाला पूर्वापार ठाऊक आहे. दोन देशांतील वैद्य दोन वेगळ्या वनस्पतींतून एकाच द्रव्यापर्यंत पोहोचले, ही गोष्ट आम्हांस मोठी कौतुकाची वाटली.

परंतु कौतुक म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत बर्बेरीन या जिवाणूच्या वाढीला आणि त्याच्या युरिएजला आवर घालते, असे दिसून आले आहे. चीनमधील काही चाचण्यांत चार औषधांपैकी बिस्मथच्या जागी बर्बेरीन देऊन पाहिले, तेव्हा जिवाणू जाण्याचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिले. प्रचलित औषधांच्या जोडीला काढे दिल्याने मळमळ, अरुची असे त्रास कमी झाल्याचेही अनेक अभ्यासांत नोंदले आहे. मात्र त्यांतील बरेच अभ्यास लहान आणि सदोष आहेत. या चाचण्यांतही प्रतिजैविके सोबत होतीच, हे लक्षात घ्यावे. एकट्या बर्बेरीनच्या भरवशावर जिवाणू जाईल, असे मानण्यास आधार नाही.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. जिवाणूचा शोध सर्वमान्य होण्यापूर्वीच बीजिंगमधील डॉक्टर फ्युराझोलिडोन हे जंतुनाशक औषध जठरव्रणावर देत होते आणि त्याने व्रण भरतात, हे त्यांनी १९८५ मध्ये तुलनात्मक चाचणीने दाखवून दिले. कारण पूर्ण उमगण्याआधी गुण दिसला होता. अनुभवाची अशी किंमत असते. ती वसूल होते ती काटेकोर चाचणीनंतरच.

शांडोंगचा धडा

अशा काटेकोर चाचणीचा उत्तम नमुना चीनच्या शांडोंग प्रांतातील लिन्छू परगण्यात पाहावयास मिळतो. तेथे जठराचा कर्करोग फार. त्याच प्रांतात लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांना तो कमी होतो, असे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. तेव्हा १९९५ मध्ये संशोधकांनी लिन्छू येथील ३,३६५ ग्रामस्थांना सहभागी करून घेतले. त्यांपैकी जिवाणू असलेल्या २,२५८ जणांतील काहींना अमॉक्सिसिलिन आणि ऑमेप्राझोल दोन आठवडे दिले. सहभागी ग्रामस्थांतील काहींना जीवनसत्त्वे आणि काहींना लसणाचा अर्क व तेल सात वर्षांहून अधिक काळ दिले. कोणाला काय द्यावयाचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले आणि तुलनेसाठी इतरांना औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या.

बावीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ दोन आठवड्यांचा जिवाणूविरोधी उपचार घेतलेल्यांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले होते. जीवनसत्त्वांचाही लाभ दिसला. लसणाने मृत्यू घटल्याचे संकेत मिळाले. परंतु कर्करोग होण्याचे प्रमाण त्याने घटते, हे निःसंशय ठरले नाही. लसणाला कोणी डोक्यावर घेतले नाही आणि कोणी झिडकारलेही नाही. औषधाच्या मापानेच त्याला मोजले आणि जे निघाले ते लिहिले. त्याच परगण्यातील ९८० गावांत, १,८०,२८४ लोकांवर झालेल्या पुढील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. तेथे जिवाणूविरोधी उपचार मिळालेल्या गावांत कर्करोग सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळला आणि ज्यांच्या पोटातून जिवाणू खरोखर गेला होता, त्यांना लाभ अधिक झाला. औषध घेणे आणि जिवाणू जाणे यांतील अंतर येथेही दिसते.

परंपरागत म्हणून निर्धोक नव्हे

रुग्णांच्या आप्तांसाठी दोन शब्द सावधगिरीचे. वनस्पतीजन्य औषध अपाय करीत नाही, हा समज चुकीचा आहे. ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या काही चिनी वनस्पतींमुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये उघडकीस आले आणि त्यांतील एका वनस्पतीवर चीननेच २००३ मध्ये बंदी घातली. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. बर्बेरीन गरोदर स्त्रियांना आणि नवजात बालकांना देऊ नये. इतर काही औषधांच्या परिणामातही ते ढवळाढवळ करते. आपण कोणताही काढा, चूर्ण किंवा परदेशी गोळी घेत असाल तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. आमचे डॉक्टर रागावणार नाहीत, याची हमी आम्ही देतो.

आमची उणीव

आता त्या गृहस्थांकडे परत येऊ. सहाव्या दिवशी औषधे का थांबवली, असे त्यांना डॉक्टरांनी विचारले. प्रथम ते काही बोलेनात. मग म्हणाले, "तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची. अन्न नकोसं झालं. त्यात शौच काळं व्हायला लागलं. वाटलं, आतून रक्त जातंय. घरी कोणाला सांगितलं नाही."

तोंडाची ती चव मेट्रोनिडाझोलची होती आणि काळा रंग बिस्मथचा. दोन्ही अपेक्षित. मात्र बिस्मथ चालू नसताना शौच डांबरासारखे काळे व चिकट झाले, किंवा केव्हाही चक्कर आली वा रक्ताची उलटी झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. हे सारे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावयास हवे होते. आम्ही सांगितले नव्हते. ते सहा दिवस एकटेच भीत राहिले आणि अखेरीस त्यांनी स्वतःपुरता निर्णय घेतला. त्यांची श्वासचाचणी केली. जिवाणू शिल्लक होता. पिवळ्या गोळ्यांनी पोट शांत केले होते, आतला मुक्काम हलवला नव्हता.

आमच्या नोंदवहीत 'औषधे दिली' असा रकाना होता. 'जिवाणू गेला का' असा रकाना नव्हता. आजवरच्या अहवालांत आम्ही 'उपचार केलेले रुग्ण' अभिमानाने छापत आलो. त्यांतील किती बरे झाले, हे आम्ही विचारलेच नव्हते. खर्चाची बाजू लिहून जमेची बाजू कोरी ठेवणाऱ्या कारकुनाला आम्ही कामावर ठेवले नसते.

पोटात कोण आहे, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने विचारला आणि त्याचे उत्तर दिले. त्याबद्दल मानवजात त्याची ऋणी राहील. या माणसाला कसे होते आहे, हा प्रश्न चिनी वैद्य प्रथम विचारतो. त्याने जीभ पाहिली असती, तोंडाची चव आणि शौचाचा रंग विचारला असता. हा प्रश्न विचारण्यासाठी चीनला जाण्याची गरज नव्हती. आमच्या खिडकीवरही तो विचारता आला असता. औषध कोठल्या देशाचे, हा मुद्दा गौण आहे. त्याची परीक्षा एकाच तराजूत व्हावी आणि रुग्णाची विचारपूस कधी चुकू नये, एवढाच बोध आम्ही घेतला.

त्या गृहस्थांना डॉक्टरांनी औषधे बदलून नवा चौदा दिवसांचा क्रम दिला. या खेपेस परिचारिका दर चार दिवसांनी त्यांना दूरध्वनी करीत होत्या. क्रम पूर्ण झाला. ठरलेल्या मुदतीनंतर केलेल्या श्वासचाचणीत जिवाणू आढळला नाही. मुलाने शांघायहून फोन करून निकाल विचारला, तेव्हा तो त्याला सांगताना आमच्या परिचारिकेचा आवाज आम्हांस शेजारच्या खोलीत ऐकू आला.

नोंदवहीत आता तो रकाना आहे. औषधांच्या पुडीसोबत अपेक्षित त्रासांची मराठी चिठ्ठी दिली जाते. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या दुसऱ्या श्वासचाचणीचा खर्च गरीब रुग्ण सहाय्य निधीतून करण्यास विश्वस्त मंडळाने संमती दिली आहे. या चाचणीची देणगी भिंतीवरच्या फलकावर शोभणारी नाही. तिने खाट येत नाही की यंत्र येत नाही. तिच्यामुळे एवढेच कळते की आपण केलेले काम पूर्ण झाले की नाही. देणगीदारांनी या निधीकडे कृपादृष्टी ठेवावी, अशी नम्र विनंती करतो.

पुढील अहवालात त्या नव्या रकान्याची बेरीज, जी असेल ती, आपणांपुढे ठेवू.